पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव

रत्नमालाताई ओव्हाळ यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं पार्सल परत केलं. तासाभराने दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही परत केलं. त्या काळी त्या आमच्या पेठेतल्या टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसत असत आणि मी नागपूरच्या मावसबहिणीला दिवाळीचा फराळ पाठवायला निघाले होते. ताईंनी खोकं कानाशी धरून हलवलं आणि म्हणाल्या, "चकल्या आहेत ना आत? नागपूरला पोचेपर्यंत त्यांची पुन्हा भाजणी होईल. नीट बांधून आणा." दुसऱ्या खेपेला बांधणी पसंत पडली, पण पाठवणाऱ्याच्या जागी मी नुसतंच 'मंजिरी' लिहिलं होतं.

"मंजिरी कोण?" ताईंनी चष्म्यावरून विचारलं.

"तिला माहीत आहे कोण ते," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"तिला असेल हो. पार्सल वाटेत अडलं तर रस्त्याला माहीत नाही. पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. चला, पुढचे कोण?"

शनिवार पेठेत जन्मलेल्या माणसाला दुसऱ्याने फटकारलेलं खपत नाही. तो मक्ता आमच्याकडे असतो. मी चडफडत घरी गेले, आईपुढे त्या बाईंच्या नावाने बोटं मोडली आणि तिसऱ्या खेपेला पूर्ण नाव घालून पार्सल दिलं. चकल्या अख्ख्या पोचल्या. बहिणीने फोन करून तसं सांगितलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला.

या बाईंना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला कळवलं की ताईंच्या ऑनलाइन व्यवसायाबद्दल लिहावं, नव्या मंडळींना उपयोग होईल असं लिहावं आणि शक्यतो सोज्वळ लिहावं. उपयोगाचं लिहिते. सोज्वळपणाचं पुढे बघू.

मधे बरीच वर्षं गेली. ताई निवृत्त झाल्या. मी जाहिरातींची मांडणी करणाऱ्या एका कचेरीत नोकरी करत होते. एके दिवशी त्या कचेरीला माझी गरज उरली नाही. घरात बसून सगळ्यांवर खेकसून झाल्यावर मैत्रिणीकडे हडपसरला गेले, तर तिथल्या भाजीबाजारात ताई दिसल्या. एका भाजीवालीशी हुज्जत चालली होती. जवळ जाऊन ऐकलं, तर भाजीच्या भावाचं काहीच नव्हतं.

"छान आहे म्हणू नका हो," ताई तिला सांगत होत्या. "फुकट दिलाय म्हणून छान म्हणताय. कुठे टोचतो, कुठे ओघळतो, ते बोला. तारीफ मला नको, तक्रार द्या."

विषय होता परकराचा. ताईंचा मोबाइल कमरेला खोचलेला असताना बसमध्ये पडून फुटला होता. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी परकराला खिसा शिवला. नेफ्याच्या खाली, उजव्या हाताला, साडीत हात घातला की सापडेल असा, वर चेन लावलेला. (नेफा म्हणजे परकराची नाडी जिच्यातून ओवतात ती पट्टी. तरुण वाचकांसाठी सांगावं लागतं.) फोनचं वजन कापडावर न येता नेफ्यावर यावं म्हणून आतून एक रुंद पट्टी घेतली. असे सहा परकर शिवून त्यांनी दिवसभर पैसे हाताळणाऱ्या सहा भाजीवाल्यांना दिले होते आणि महिन्याने तक्रारी गोळा करायला आल्या होत्या. भाजीवाली शेवटी बोलली, की बसलं की चेनचं टोक पोटाला टोचतं. ताईंचा चेहरा असा खुलला, जसं काही तिने पोत्याने कांदे फुकट दिले. पुढच्या परकरांवर चेनच्या टोकाला कापडाची टोपी आली, ती आजही आहे.

मला बघून म्हणाल्या, "चकलीवाल्या ना तुम्ही?" मी जाहिरातीतलं काम केलंय हे कळताच त्यांनी ऑनलाइन विक्रीचं विचारलं. मी हसले. आता लाज वाटते, पण हसले.

"परकर? ताई, अहो परकर कोणी फोटो बघून घेतं का?"

"का? लपवायची वस्तू आहे म्हणून? मग तर चार पुरुषांच्या दुकानात माप सांगण्यापेक्षा घरबसल्या मागवलेला बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन मी त्यांच्या घरी हजर झाले. पुढच्या खोलीत पाच मशिनं, खिडकीशी कापडाचे तागे, आणि एका मशिनवर ताईंकडे शिवायला येणारी शालन. शालन मांजरी गावाच्या पुढून येई, तिचा हात ताईंच्या भाषेत 'रूळ टाकल्यासारखा' सरळ चालतो. मी परकर पलंगावर फुलासारखा पसरला, वर मोगऱ्याचा गजरा ठेवला. ताईंनी गजरा उचलून खिडकीत ठेवला आणि परकर उलटा केला.

"आधी आतली शिवण दाखवा. वरून सगळेच छान असतात."

तेव्हापासून आमचा पहिला फोटो उलट्या बाजूचा असतो. दुसरा खिशात फोन ठेवलेला, म्हणजे खिसा केवढा हे बाईला न विचारता कळतं. फोटो सकाळच्या उजेडातच काढायचे; रंग फोटोत गोड आणि हातात फिका निघाला की गिऱ्हाईक जन्माचं जातं. वर्णनात पहिलं वाक्य: 'पहिल्या दोन धुण्यांत रंग जाईल, पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवू नका.' मी म्हटलं, अहो हे असं आपणच सांगितलं तर घेईल कोण? ताई म्हणाल्या, जिचा पांढरा ब्लाउज वाचेल ती घेईल. आणि तेच झालं. एकच प्रश्न तीन बायकांनी विचारला तर त्याचं उत्तर त्याच दिवशी वर्णनात जातं. ताईंच्या मते तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नात चूक आपल्या लिहिण्याची असते.

माझ्या जुन्या कचेरीच्या सवयी जायला वेळ लागला. एकदा मी आमच्या विक्रीच्या ऑनलाइन पानावर लाल अक्षरात टाकलं: 'त्वरा करा, फक्त दोनच शिल्लक!' ताईंनी ते वाचलं, कपाटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "मग हे चाळीस काय माझ्या सासूबाईंचे आहेत?" लाल अक्षरं गेली. त्याऐवजी प्रत्येक पार्सलमध्ये एक सुटी नाडी आणि ती ओवायला एक मोठी पिन जाऊ लागली. नाडी धुण्यात निघून आली की बाई वैतागते आणि नेमक्या त्याच क्षणी तिला आमची आठवण येते. जाहिरातीवर आम्ही जे काही उधळलं, त्यापेक्षा त्या पिनेने जास्त गिऱ्हाइकं आणली, असं मी या धंद्यात मुरलेली बाई शपथेवर सांगते.

आणि फोनची वेळ. पानावर स्पष्ट लिहिलंय की दुपारी एक ते चार फोन उचलला जाणार नाही. पेठेतली मी, मला हे ऐकून माहेर भेटल्यासारखं वाटलं. पण फरक असा, की चार वाजून एक मिनिटाने ताई स्वतः फोन उचलतात आणि दुपारी आलेल्या प्रत्येक नंबरला परत लावतात. "बंद म्हटलं की बंद, चालू म्हटलं की चालू. अर्धवट उघडं दार ठेवलं की कुत्रं शिरतं," असं त्यांचं म्हणणं. पार्सल तयार झालं की त्या जिन्यावरून खाली टाकतात. हो, मुद्दाम, बांधणी टिकते का ते बघायला. शेजारचे आधी घाबरून दार उघडायचे, आता उघडत नाहीत.

हे सगळं सोज्वळ झालं. आता जे लिहायचं नाही असं मला संपादकांनी दोनदा सुचवलं, ते लिहिते.

पहिल्या वर्षी विक्री रखडली. माल चांगला, फोटो चांगले, तरी बायका पानावर यायच्या, बघायच्या आणि निघून जायच्या. पानाच्या डोक्यावर ताईंच्या अक्षरातलं नाव होतं: 'रत्नमाला ओव्हाळ, हडपसर'. आडनाव वाचून जात ओळखणं हा आमच्या शहराचा फार जुना छंद आहे आणि मी त्यात तरबेज आहे. तसं कोणी शिकवलं नाही, पाण्याबरोबर पोटात गेलं. मला वाटलं, अडतंय ते इथेच. ताईंना न विचारता मी नाव बदललं. 'शनिवार पेठेतील घरगुती परकर' असं सुबक अक्षरात टाकलं, पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून माझा पत्ता घातला, चिठ्ठ्याही तशाच छापल्या. आणि विक्री वाढली. मला वाटलं, मी ताईंवर उपकार केले. खरंच वाटलं हो. यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही, आणि लहानसहान पुष्कळ केलेत.

महिनाभराने एका बाईंचा फोन ताईंनी उचलला. खिशाबद्दल बोलणं झालं आणि मग त्या बाई म्हणाल्या, "जरा पेठेतल्या मालकीणबाईंना देता का? तुम्ही तिथल्या वाटत नाही."

ताई दोन बस बदलून माझ्या घरी आल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. आई पोळ्या करत होती. ताईंनी आमच्या छापील चिठ्ठीचं एक पार्सल टेबलावर ठेवलं आणि खिडकीवरच्या त्याच जुन्या आवाजात म्हणाल्या, "पाठवणाऱ्याचं नाव चुकलंय. पार्सल परत."

मी म्हटलं, "ताई, विक्री वाढलीय."

"माझ्या शिवणीवर वाढली की तुझ्या पेठेवर?"

आईने गॅस बंद केला. ताई बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. "मी सहा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? मला पाटीवर माझं पूर्ण नाव लिहायला लावलं. माझं, त्यांचं, आडनाव. अक्षर चुकलं तर पुसून पुन्हा. मला नाव झाकून माल विकायचा असता तर हे केस पांढरे होईपर्यंत थांबले नसते, मंजिरी. कमी विकलं जाईल ना? जाऊ दे. जिला माझं नाव वाचून परकर टोचतो, तिने नेसू नये."

मी रडले नाही, कारण तो हक्क माझा नव्हता. म्हटलं, "चुकलं, ताई." त्या म्हणाल्या, "चुकलं ते मला नको सांगू, पानावर दुरुस्त कर." आईने पोळीवर तूप घालून त्यांच्यापुढे ताट ठेवलं. तेव्हा त्या बसल्या, जेवल्या आणि 'तुमची लेक हुशार आहे, पण सरळ रेघ मारताना हात हलतो' असं आईला सांगून गेल्या. दुपारी मी नाव बदललं. विक्री उतरली. ताईंनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. उलट त्या दिवसापासून अहोजाहो सोडून कायमचं 'अगं' म्हणू लागल्या.

याच सुमारास त्यांनी एक पद्धत सुरू केली. प्रत्येक परकराच्या नेफ्यात आतून एक बोटभर फीत, तिच्यावर शिवणारीचं पूर्ण नाव. शालन आधी लाजली. "माजं नाव कशाला वो ताई, परकरावर?" ताई म्हणाल्या, "शिवला कोणी? मी?"

हळूहळू पान सावरत होतं, तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचे गृहस्थ आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? त्यांना आमचा सगळा माल हवा होता, वर्षभर, जेवढा शिवू तेवढा. शालन धरून शिवणाऱ्या पाचही बायकांना बारा महिने काम. ताईंचा फोटोही हवा होता, ताईंची 'गोष्ट'ही हवी होती. फक्त नाव त्यांच्या डोक्यात वेगळं होतं.

"'रत्ना आजी'," ते हात पसरून म्हणाले. "कसं घरगुती वाटतं! आडनावाची तशी गरज नाही. आणि आतल्या त्या फिती काढू. उगाच गोंधळ."

"आजी कोणाची?" ताईंनी विचारलं. "तुमची?"

ते हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मशिनं थांबवून सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "तुमचं पोट यावर आहे. बोला."

बाकीच्या चौघी शालनकडे बघू लागल्या. शालन बोलली. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, मुलीचं कॉलेज चालू होतं. "ताई, राग मानू नका. नावानं पोट भरत न्हाई. काम हाय तर घर हाय."

"खरं आहे तुझं," ताई म्हणाल्या. "पण नाव काढल्यावर उद्या यांनी दुसरीकडून शिवून घेतलं, तर तू शिवत होतीस हे कोणाला कळणार? कोण विचारेल तुला?"

शालनच्या डोक्यावर घरभाडं होतं. ताईंनी त्या गृहस्थांना चहा दिला आणि नकार दिला. शालनने त्यांच्याकडे काम धरलं. जाताना ताईंनी तिला तिची कात्री दिली, म्हणाल्या, "हाताला बसलेली आहे, घेऊन जा." हडपसरपासून पेठेपर्यंत ज्याला त्याला मत होतं. म्हातारपणी हट्ट बरा नव्हे, लक्ष्मी दारात आली नि बाईने हाकलली, वगैरे. मीही मनातून घाबरले होते. नावासाठी पाच घरांची चूल धोक्यात घालायची का, हा प्रश्न मला पडला होता, तो पडला नव्हता असं आज म्हणणार नाही.

दोनेक महिन्यांत बाजारात त्या कंपनीचा 'आजीचा परकर' आला, आमच्याहून स्वस्त. ताईंनी एक मागवला, टेबलावर उलटा केला आणि उसवायला घेतला. खिसा नुसताच कापडावर मारलेला. नेफ्याला धरणारी पट्टी नाही. आणि आमच्याकडे वेगळेच फोन येऊ लागले. बायका विचारत: "तो शालनबाईंनी शिवलेला आहे का हो? मला त्यांच्याच हातचा हवाय. गेल्या वेळच्या फितीवर नाव होतं." ताई प्रत्येकीला म्हणत, "सध्या त्या आमच्याकडे नाहीत. आल्या की कळवते." एका वहीत त्या बायकांची नावं त्यांनी लिहून ठेवली. मी म्हटलं, ती येणार आहे का? ताई म्हणाल्या, "यावं की नाही ते ती बघेल. तिचं टपाल मी जपून ठेवते."

शालन आली, एका मंगळवारी, सव्वाचारला. हातात ती कात्री. "त्यांना सांगितलं, पट्टी घाला, न्हाईतर परकर खाली येतुया. म्हनले, येळ जातो. माझ्या हातून तसलं शिवलं जाईना, ताई." ताईंनी ती वही तिच्यापुढे सरकवली. शालनने बोटाने एकेक नाव वाचलं. पान उलटलं. अजून नावं होती. "ह्या समद्या मला इचारत व्हत्या?" ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून मशिनवर जाऊन बसली. नाडीच्या पिनेने न झालेली जाहिरात ती होती, आणि ती विकत मिळत नाही.

त्याच आठवड्यात ताईंनी मला व्हिडिओ काढायला लावला. खिसेवाला परकर घरी कसा शिवायचा, पट्टीसकट, मापांसकट, फुकट. मी ओरडले, "अहो ताई, सगळं उघड करून टाकताय! चोरतील ना!"

"चोरतायत तसंही. निदान नीट चोरतील. बायकांचे फोन तरी पडायचे नाहीत."

व्हिडिओची सुरुवात अशी: "मी रत्नमाला ओव्हाळ, हडपसर. शेजारी शालन." पुढे ताईंनी तिचं आडनावासकट पूर्ण नाव घेतलं, तेव्हा शालन ताठ बसली. ज्यांना शिवता येत होतं त्यांनी शिवलं. ज्यांना कंटाळा होता त्यांनी आमच्याकडून मागवलं, आणि कंटाळा असलेल्या नेहमीच जास्त असतात. खाली काही घाणेरड्या प्रतिक्रियाही आल्या, आडनावावरूनच. मी त्या पुसायला गेले. ताईंनी हात धरला. "राहू दे. त्यांनीही नावानिशी लिहिलंय ना? लोकांना कळू दे कोण काय पाठवतं."

संपादक मंडळातल्या एकांनी परवा फोनवर मला समजावलं, "मंजिरीताई, गौरवग्रंथ आहे. तुमचा तो पानाच्या नावाचा प्रसंग काढा. तुमचीच शोभा होते." मी ताईंना विचारलं. त्या पार्सल बांधत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "खरं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर शुभेच्छापत्र मिळतं दुकानात." म्हणून प्रसंग जसाच्या तसा आहे. हा लेख वाचून आमच्या पेठेतून काही फोन येतील याची मला कल्पना आहे. जरूर करा. एक ते चार सोडून.

ताई, शंभर वर्षं जगा म्हणणाऱ्यांना तुम्ही विचारता, की म्हणायला तुमचं काय जातं? म्हणून मोजून मागते. तुमचे गुडघे जिना चढू देत, म्हणजे वरून पार्सल टाकता येईल. नजर सुईच्या नेढ्यातून दोरा ओवण्याइतकी राहो. जीभ आहे तशीच राहो, तिच्यात काडीची सुधारणा नको. आणि माझ्यासारखं कोणी अर्धं नाव घालून काही घेऊन आलं, तर त्याला परत पाठवायला तुम्ही खिडकीत असा, फार फार वर्षं.

हा लेखही तुम्ही आधी हलवून बघाल, ठाऊक आहे. बांधणीत चुका असतील. पण या खेपेला परत करू नका. नाव पूर्ण लिहिलंय.

पाठवणार :
मंजिरी सदाशिव गोवंडे,
शनिवार पेठ, पुणे